सुफ्रेन आणि ह्यूज : दोन दर्यासारंगांचा न्याय

लढाई जिंकणारा तो थोर आणि हरणारा तो नादान, असा न्याय करणें फार सोपें आहे, आणि म्हणूनच तो सर्वत्र रूढ आहे. १७६१ सालीं पानिपतावर मराठ्यांचा मोड झाला त्या दिवसापासून सदाशिवरावभाऊच्या हट्टाच्या गोष्टी घरोघर सांगितल्या जाऊं लागल्या. आदल्याच वर्षीं उदगीरास त्याच भाऊनें निजामाला नमविलें होतें, ही गोष्ट मात्र सांगणारांच्या ध्यानांत राहिली नाहीं. फलावरून कर्त्याची परीक्षा करावी हें तत्त्व सामान्य व्यवहारांत ठीक असेल. परंतु इतिहासाच्या अभ्यासकानें तेवढ्यावर समाधान मानलें, तर त्याचें काम केवळ जय-पराजयांची वही लिहिण्याचें उरेल.

या प्रश्नाचा विचार करण्यास एक उदाहरण आम्हांस फार सोयीचें वाटतें. कारण त्यांत जय-पराजयाचा आधारच सांपडत नाहीं. १७८२ व १७८३ या दोन सालांत मद्रास ते सिंहलद्वीप या टापूंतील समुद्रावर फ्रेंच सरदार सुफ्रेन आणि इंग्रज सरदार सर एडवर्ड ह्यूज यांच्यामध्यें पांच मोठ्या लढाया झाल्या. दोन्ही पक्षांचीं मिळून हजारों माणसें मेलीं किंवा जखमी झालीं. परंतु या पांचांपैकीं एकाहि लढाईंत एका पक्षाचें मोठें लढाऊ जहाज दुसऱ्या पक्षाच्या हातीं पडलें नाहीं. प्रत्येक लढाईनंतर दोघांनींहि आपआपल्या सरकारास आपलाच वरचष्मा झाल्याचें कळविलें. अशा स्थितींत यांपैकीं श्रेष्ठ कोण, हें ठरवावयाचें तें कोणत्या मापानें?

हा प्रश्न परदेशांतील दोन परक्या माणसांचा आहे, त्यांत आपणांस काय, असें कोणी म्हणेल. त्यास आमचें उत्तर असें कीं, या दोघांच्या झगड्यावर त्या वेळीं सर्व दक्षिण हिंदुस्थानचें भवितव्य टांगलेलें होतें. इंग्रजांविरुद्ध पुणें, म्हैसूर आणि हैदराबाद यांची जी एकजूट नाना फडणिसानें जुळविली, तिच्यांतील हैदरअल्ली १७८० च्या जुलै महिन्यांत कर्नाटकांत उतरला, आणि सप्टेंबरांत त्यानें बेलीची संबंध पलटण धुळीस मिळविली. मद्रासच्या तटाबाहेर इंग्रजांची सत्ता जवळजवळ नामशेष झाली. जमिनीवरून मद्रासला धान्य मिळेना. जें काय मिळावयाचें तें समुद्रावरून. म्हणजे समुद्र ज्याच्या हातीं त्याच्या हातीं मद्रास, हें उघड होतें. हैदरापाशीं घोडा होता, तोफखाना होता, पैसा होता. नव्हतें तें आरमार. मंगळूर बंदरांत त्यानें जीं जहाजें मोठ्या हौसेनें जमविलीं होतीं, तीं १७८० च्या डिसेंबरांत याच ह्यूजनें जाळून टाकलीं. तेव्हांपासून हैदराला समुद्राकडे डोळे लावून फ्रेंच शिडांची वाट पाहण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं.

तीं शिडें एकदां आलीं आणि निघूनहि गेलीं. ही गोष्ट येथें मुद्दाम सांगितली पाहिजे, कारण सेनापतीच्या योग्यतेनें काय फरक पडतो हें तिच्यावरून जितकें स्पष्ट दिसतें तितकें दुसऱ्या कशावरूनहि दिसणार नाहीं. १७८१ च्या आरंभीं फ्रेंच आरमाराचा मुख्य दॉर्व्ह हा कडलूरसमोर येऊन उभा राहिला. किनाऱ्यावर इंग्रजांचा सेनापति सर आयर कूट हैदराच्या वेढ्यांत सांपडला होता. त्याच्याजवळ अन्न नव्हतें, आणि त्या किनाऱ्यावर त्या वेळीं इंग्रजांचें आरमारहि नव्हतें. दॉर्व्हनें केवळ कांहीं आठवडे नाकेबंदी धरली असती, तर कूटला शरण यावें लागलें असतें. हैदरानें परोपरीनें विनविलें. पण दॉर्व्ह फेब्रुवारींत शिडें उभारून मॉरिशस बेटास परत गेला. कूटला समुद्रावरून रसद मिळाली, आणि १ जुलै १७८१ रोजीं पोर्टोनोव्हो येथें त्यानें हैदराचा पराभव केला. एका माणसाच्या भीरुत्वानें, अथवा मायाळू भाषेंत सांगावयाचें तर अतिसावधपणानें, सबंध मोहीम बदलली. पुढच्याच वर्षीं त्याच बेटावरून बऱ्याच अंशीं तेंच आरमार दुसऱ्या माणसाच्या हाताखालीं आलें, तेव्हां काय घडलें तें आतां पाहूं.

पियेर आंद्रे द सुफ्रेन हा प्रॉव्हान्स प्रांतांतील एका सरदार घराण्यांत १७२९ सालीं जन्मला. चौदाव्या वर्षीं आरमारांत शिरला, दोन वेळां इंग्रजांच्या कैदेंत पडला, आणि माल्टाच्या धर्मवीरांच्या पंथांत राहून भूमध्यसमुद्रावर त्यानें पुष्कळ अनुभव मिळविला. अंगानें अवाढव्य, पोषाखांत बेफिकीर, तोंडानें फटकळ आणि कामांत अविश्रांत, असा हा पुरुष होता. आपलें आरमार लढाई टाळून बचाव साधण्यांत धन्यता मानतें, याचा त्याला मनस्वी तिटकारा असे. एडवर्ड ह्यूज हा त्याच्याहून वयानें बराच वडील, साठीच्या घरांत आलेला, हिंदुस्थानच्या किनाऱ्याशीं दीर्घ परिचय असलेला, शांत, चिवट व शिस्तीचा माणूस. पुढें जगद्विख्यात झालेला नेल्सन हा कोवळ्या वयांत १७७३ पासून तीन वर्षें याच ह्यूजच्या तैनातीखालीं हिंदी समुद्रांत वावरला होता, हा योगायोगहि लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

दोघांची तुलना करण्यापूर्वीं दोघांपाशीं साधनें काय होतीं तें पाहिलें पाहिजे. कारण रिकाम्या हाताच्या आणि भरल्या हाताच्या माणसांची शर्यत न्यायाची नव्हे. ह्यूजला मुंबई होती. तेथें जहाज कोरड्या गोदींत घेऊन त्याचा तळ दुरुस्त करण्याची सोय होती. वाडिया घराण्याचे कुशल पारशी कारागीर होते. मलबारचा साग होता. मद्रासला बंदर नसलें तरी कोठार होतें. १७८१ च्या नोव्हेंबरांत त्यानें डचांकडून नागपट्टण घेण्यास हातभार लावला आणि ११ जानेवारी १७८२ रोजीं त्रिंकोमाली घेतलें; पूर्वकिनाऱ्याच्या बाजूस वादळांत जहाजें सुरक्षित राहतील असें तेंच एक उत्तम बंदर होतें. उलट सुफ्रेनला जवळचें असें बंदरच नव्हतें. मॉरिशस शेंकडों कोस दूर. तेथेंहि लांकूड, दोर, तांबें, माणसें यांची वाण. त्याच्या जहाजांपैकीं कांहींच्या तळांस तांब्याचे पत्रे होते, कांहींच्या नव्हते. त्यामुळें सर्वांच्या चालींत मेळ बसत नसे. संख्येनें मात्र पहिल्या चार लढायांपैकीं तीन लढायांत सुफ्रेनकडे जहाजें अधिक होतीं, ही गोष्ट त्याच्या भक्तांनीं विसरतां कामा नये.

हिंदी समुद्रांत येण्यापूर्वींच सुफ्रेननें आपली ओळख पटविली होती. १७८१ च्या एप्रिल महिन्यांत केप व्हर्दे बेटांतील पोर्टो प्राया या पोर्तुगीज बंदरांत इंग्रज कमोडोर जॉन्स्टन हा पाणी भरीत पडलेला त्याला आढळला. जॉन्स्टन केप ऑफ गुड होप घेण्यास निघाला होता, आणि तें बंदर वांचविण्यासच सुफ्रेनची रवानगी झाली होती. सुफ्रेननें क्षणाचाहि विचार न करतां बंदरांत शिरून हल्ला केला. बंदर तटस्थ राष्ट्राचें आहे, हें त्यानें मनांतहि आणलें नाहीं. नीतीच्या दृष्टीनें तो दोष त्याच्या पदरीं घातलाच पाहिजे. पण पांच जहाजांपैकीं खरें साह्य त्याला एकाच जहाजानें केलें. बाकीचीं नीट जागीं आलींच नाहींत. लढाई म्हणून ती विसकटली. तरी तिचें फल त्याला मिळालें. कारण जॉन्स्टनला उशीर झाला, सुफ्रेन आधीं केपला पोहोंचला, आणि केप वांचलें. सुफ्रेनच्या पुढील सर्व चरित्राचें बीज या एका प्रसंगांत आहे : हेतु अचूक, धडाडी अलौकिक, आणि हाताखालच्या लोकांची साथ अपुरी.

९ फेब्रुवारी १७८२ रोजीं दॉर्व्ह समुद्रावरच वारला आणि आरमाराची सत्ता सुफ्रेनच्या हातीं आली. सहा दिवसांनीं तो मद्राससमोर उभा होता. ह्यूज नऊ जहाजांनिशीं किल्ल्याच्या तोफांच्या आश्रयास होता. म्हणून सुफ्रेन दक्षिणेस वळला. येथें ह्यूजनें जें केलें तें खऱ्या दर्यावर्द्याचें काम होय. तो रातोरात पाठीवर निघाला, पहाटे फ्रेंचांचा रसदीचा तांडा लढाऊ जहाजांपासून तुटलेला त्याला दिसला, आणि त्यानें सहा जहाजें पकडलीं. त्यांत सैनिक व युद्धसामग्री भरलेलें एक मोठें जहाज होतें. दुसरे दिवशीं, १७ फेब्रुवारीस, सद्रसजवळ पहिली लढाई झाली. सुफ्रेनकडे बारा जहाजें, वाराहि त्याच्याच बाजूचा. त्या काळचा शिरस्ता असा कीं, दोन्ही आरमारांनीं समांतर रांगा धराव्या आणि जहाजास जहाज भिडवून तोफा डागाव्या. सुफ्रेननें हा शिरस्ता मोडला. शत्रूच्या पुढच्या जहाजांस तसेंच सोडून मागच्या पांच जहाजांवर आपलें सर्व बळ घालावें, आणि आपल्या मागच्या तुकडीनें दुसऱ्या अंगानें येऊन त्यांस दोन आगींच्या मध्यें धरावें, असा त्याचा बेत होता. बेत उत्तम होता; पण दुसऱ्या अंगास गेलीं तीं फक्त दोन जहाजें. बाकीचे कप्तान दूर राहूनच तोफा सोडीत राहिले. इंग्रजांचें ‘एक्झेटर’ जहाज चाळण होऊन गेलें, त्याचा कप्तान पडला. ह्यूजच्या स्वतःच्या ‘सुपर्ब’ जहाजाचाहि कप्तान पडला. पण संध्याकाळ झाली, वारा फिरला, आणि ह्यूज त्रिंकोमालीकडे निसटला. सुफ्रेननें पोर्टोनोव्हो येथें आपलें सैन्य उतरवून हैदराच्या हातांत हात दिला, आणि एप्रिलच्या आरंभीं कडलूर फ्रेंचांकडे आलें.

१२ एप्रिलला सिंहलद्वीपाच्या किनाऱ्यालगत प्रोव्हिडियन या खडकाजवळ दुसरी लढाई झाली. ही सर्वांत घनघोर. ह्यूजला त्रिंकोमालीस मदत पोहोंचवावयाची होती, म्हणून किनारा अंगावर येत असतांहि त्यानें आपला मार्ग सोडला नाहीं, आणि सुफ्रेननें त्याला तेथें गांठलें. इंग्रजांकडील १३७ मेले, ४३० जखमी झाले. फ्रेंचांकडील १३९ मेले, ३६४ जखमी झाले. रात्रीं वादळ झालें, आणि मग दोन्ही आरमारें एकमेकांपासून कोसाभराच्या अंतरावर नांगर टाकून जवळजवळ एक आठवडा आपल्या मोडक्या डोलकाठ्या सांधीत बसलीं! असा देखावा आरमारी इतिहासांत क्वचितच आढळेल. याहि लढाईंत सुफ्रेनच्या कित्येक जहाजांनीं अंतर राखूनच लढणें पसंत केलें.

यानंतर सुफ्रेनच्या हातीं वरिष्ठांचा हुकूम आला कीं, मॉरिशसला परत यावें. दॉर्व्ह असता तर तो आनंदानें गेला असता. सुफ्रेननें हुकूम बाजूस ठेवला. आपण गेलों तर हैदर तह करील, कडलूर जाईल, आणि पुन्हा येण्यास जागाच उरणार नाहीं, हें त्यानें ओळखलें. आमच्या मतें या एका निर्णयांत त्याची जी थोरवी दिसते, ती त्याच्या कोणत्याहि लढाईंत दिसत नाहीं. आज्ञाभंग करणारे सेनापति पुष्कळ होतात. पण अधिक धोका, अधिक श्रम आणि अधिक जबाबदारी आपल्या शिरावर घेण्यासाठीं आज्ञा मोडणारे विरळा.

तिसरी लढाई ६ जुलैस नागपट्टणासमोर झाली. सुफ्रेन तें घेण्यास चालला होता. ह्यूज मध्यें येऊन उभा राहिला. अकरा जहाजांविरुद्ध अकरा, आणि या वेळीं वारा ह्यूजचा. दुपारीं वारा एकाएकीं फिरून दोन्ही रांगा विसकटल्या, आणि त्या गोंधळांत ‘सेव्हेर’ नांवाच्या फ्रेंच जहाजाच्या कप्तानानें शरणागति म्हणून निशाण उतरविलें. पण त्याच्याच हाताखालच्या अधिकाऱ्यांनीं तें न जुमानतां लढाई चालू ठेविली व जहाज वांचविलें. फ्रेंचांकडील १७८ मेले आणि ६०१ जखमी झाले. इंग्रजांकडील ७७ मेले, २३३ जखमी झाले. नागपट्टण वांचलें. ही लढाई ह्यूजच्या जमेस धरली पाहिजे, याविषयीं आम्हांस मुळींच संशय नाहीं.

परंतु लढाईनंतरचे दोन महिने पाहा. सुफ्रेन कडलूरला गेला. तेथें गोदी नाहीं, डोलकाठ्या नाहींत, दोर नाहींत. त्यानें पकडलेल्या व लहान जहाजांच्या डोलकाठ्या काढून मोठ्या जहाजांस बसविल्या, शहरांतील घरें पाडून त्यांचें लांकूड वापरलें, कुचराई करणाऱ्या कप्तानांस कामावरून दूर करून परत धाडलें, हैदराच्या छावणींत जाऊन त्याची भेट घेतली, आणि १ ऑगस्टला शिडें उभारलीं. ह्यूज मद्रासला दुरुस्ती करीत होता; तो २० ऑगस्टपर्यंत निघाला नाहीं. तेवढ्या अवकाशांत सुफ्रेननें फ्रान्सहून आलेली कुमक गांठली, त्रिंकोमालीवर सैन्य उतरविलें, आणि ३१ ऑगस्टपर्यंत सर्व ठाणें काबीज केलें. २ सप्टेंबरला ह्यूज बंदरासमोर आला, तों किल्ल्यावर फ्रेंच निशाण! या एका बंदराची किंमत पांचहि लढायांहून अधिक होती, आणि तें ह्यूजनें दिरंगाईनें घालविलें. ज्याला कमी साधनें त्याचें काम आधीं झालें, आणि ज्याला अधिक त्याचें मागाहून. यापरतें दोघांच्या योग्यतेंतील अंतर दाखविणारें प्रमाण दुसरें नाहीं.

दुसरेच दिवशीं, ३ सप्टेंबरला, चौथी लढाई झाली, आणि तींत मात्र सुफ्रेनचा दोष उघडा पडला. चौदा जहाजें घेऊन तो बारा जहाजांच्या ह्यूजवर तुटून पडला. ह्यूज व्यवस्थित रांग धरून त्याला बंदरापासून दूर खेंचीत होता. फ्रेंचांची रांग नीट जुळण्यापूर्वींच सुफ्रेननें तोफ डागली, आणि त्याचें स्वतःचें ‘हीरो’ व दुसरीं दोन जहाजें शत्रूच्या मध्यभागासमोर एकटींच सांपडलीं. ‘हीरो’ची मुख्य डोलकाठी निशाणासकट कोसळली, शरणागतीचा समज होऊं नये म्हणून सुफ्रेननें ओरडून जहाजाभोंवतीं निशाणेंच निशाणें लावण्यास सांगितलें. फ्रेंचांकडील मृतांपैकीं बहुतेक या तीन जहाजांवरचेच होते. इंग्रजांचे तीन कप्तान पडले. रात्र पडली म्हणून सुफ्रेन वांचला, असें म्हटलें तरी चालेल. त्यानंतर बंदरांत शिरतांना त्याचें ‘लॉरियां’ हें मोठें जहाज खडकावर आपटून फुटलें, आणि चार कप्तानांनीं प्रकृतीचें व घरच्या अडचणींचें निमित्त सांगून रजा मागितली. सुफ्रेननें ती दिली.

येथें आम्हांस त्या प्रश्नाकडे वळलें पाहिजे, ज्यावर बहुतेक लेखकांचें एकमत आहे आणि ज्यावर तें तितकेंसें बरोबर नाहीं. अमेरिकन लेखक महान यानें १८९० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथांत सुफ्रेनची फार थोर शब्दांनीं वाखाणणी केली, आणि अपयशाचें खापर मुख्यतः त्याच्या कप्तानांच्या माथीं मारलें. कप्तान दोषी होते, यांत वाद नाहीं. पण पोर्टो प्रायापासून त्रिंकोमालीपर्यंत तोच दोष पुनःपुन्हा दिसतो, मधल्या काळांत कप्तान बदलतात, तरी दोष तसाच राहतो, तेव्हां त्याचें मूळ कांहीं अंशीं तरी सेनापतींतच असलें पाहिजे. सुफ्रेन जुना शिरस्ता मोडीत होता. पण नवा शिरस्ता कोणता, हें त्यानें आपल्या लोकांस बसवून समजावून दिल्याचें दिसत नाहीं. खुणांच्या निशाणांनीं इतकें गहन मत कळत नसतें. शिवाय त्याच्या तिखट जिभेनें पुष्कळांचीं मनें दुखावलीं होतीं. पुढें नेल्सननें आपल्या कप्तानांना जेवणाच्या मेजावर बोलावून बेत उलगडून सांगण्याची रीत पाडली, आणि त्याच्या लढायांत प्रत्येक जहाज सेनापतीच्या मनांतलें ओळखून वागलें. सुफ्रेनपाशीं नेल्सनची दृष्टि होती. नेल्सनची माणसें जोडण्याची कला नव्हती.

उलट ह्यूजच्या जहाजांकडे पाहा. पांचहि लढायांत त्याच्या कप्तानांवर कुचराईचा डाग आला नाहीं. ‘एक्झेटर’ असो कीं ‘मॉन्मथ’ असो, चहूंकडून वेढलें गेलें तरी निशाण उतरलें नाहीं. हें श्रेय केवळ इंग्रज जातीच्या धैर्याचें नव्हे. समान शिस्त, परस्परांवर विश्वास आणि सेनापतीविषयीं भरंवसा यांचें तें फळ होय. ह्यूजचा बेत सामान्य असे. पण सामान्य बेत सर्वांस कळतो, आणि सर्वांस कळलेला सामान्य बेत हा एकट्यालाच कळलेल्या असामान्य बेताहून कित्येकदां अधिक कामास येतो. ही गोष्ट रणांगणाइतकीच संसारांतहि खरी आहे.

ऑक्टोबरांत ईशान्येकडील वादळें सुरू झालीं. ह्यूज मुंबईस गेला, आणि तेथें बिकर्टन हा पांच मोठीं जहाजें घेऊन त्यास मिळाला. सुफ्रेननें सुमात्रा बेटांतील आचीन येथें हिंवाळा काढला. ७ डिसेंबर १७८२ रोजीं हैदरअल्ली मरण पावला, आणि फ्रेंचांचा आधारस्तंभ ढासळला. तरी सुफ्रेन जानेवारींत परत किनाऱ्यावर हजर झाला. या ठिकाणीं पुण्याकडेहि एकदां पाहिलें पाहिजे. साल्बाईचा तह १७ मे १७८२ रोजीं, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या लढाईच्या मधल्या काळांत झाला, आणि त्याला पुण्याची अखेरची मान्यता १७८३ च्या फेब्रुवारीपर्यंत लांबली. समुद्रावर पारडें कोणीकडे झुकतें हें अनिश्चित असतांना नानासारख्या मुत्सद्द्यानें घाई केली नाहीं, यांत आश्चर्य नाहीं. दर्यावरील आपल्या लोकांचा जोमहि तेव्हां अगदींच विझला नव्हता. १७८३ च्या एप्रिलमध्यें मुंबईहून निघालेलें ‘रेंजर’ नांवाचें कंपनीचें जहाज विजयदुर्गाच्या मराठी आरमारानें निकराची लढाई करून पकडलें. त्यावरील कर्नल हम्बर्स्टन याचा त्या जखमांनीं विजयदुर्गासच अंत झाला. तह झाला असतांहि ही चकमक घडली, हें खेदाचें. पण किनाऱ्यालगत शौर्यानें लढणारें हें आरमार खोल समुद्रावर फ्रेंच-इंग्रजांच्या जोडीस उभें राहूं शकत नव्हतें, हें अधिक खेदाचें.

पांचवी आणि शेवटची लढाई कडलूरसमोर झाली, आणि तिनें आमच्या निकालाचा शेवटला पुरावा पुरविला. १७८३ च्या जूनमध्यें जनरल स्टुअर्टनें कडलूरला वेढा घातला होता. आंत वृद्ध बुसी अडकला होता. ह्यूजपाशीं आतां अठरा जहाजें होतीं, सुफ्रेनपाशीं पंधरा, तींहि जीर्ण झालेलीं. तरी सुफ्रेननें कांहीं दिवस हूल देऊन, वाऱ्याचा अंदाज घेऊन, ह्यूज आणि शहर यांच्यामध्यें स्वतःस आणून बसविलें. खलाशांची तूट भरण्यास शहरांतून बाराशें माणसें जहाजांवर घेतलीं, आणि २० जून रोजीं त्यानेंच चाल केली. तीन तास तोफा चालल्या. दोन्हीकडे सुमारें शंभर शंभर माणसें मेलीं. ह्यूजच्या जहाजांवर स्कर्व्हीनें शेंकडों खलाशी आजारी होते, पिण्याचें पाणी संपत आलें होतें. तो मद्रासला निघून गेला. स्टुअर्टची फौज रसदीवांचून किनाऱ्यावर उघडी पडली. पुढें काय झालें असतें तें सांगणें कल्पनेचें काम आहे; कारण २९ जूनला पांढरें निशाण लावलेली इंग्रज फ्रिगेट युरोपांत तह झाल्याची बातमी घेऊन आली. सुफ्रेनला पांच महिने आधीं ठरलेल्या तहानें थांबविलें. ह्यूजला तो थांबवितां आला नाहीं.

आतां निकाल. सेनापतीची परीक्षा आमच्या मतें चार प्रश्नांनीं करावी. युद्धाचें मर्म कोठें आहे हें त्यानें ओळखलें काय? हातीं असलेल्या साधनांतून त्यानें किती काढलें? आपल्या माणसांस त्यानें आपलें मन दिलें काय? आणि ज्याचें रक्षण करावयाचें तें त्यानें राखलें काय? पहिल्या प्रश्नास सुफ्रेनचें उत्तर पूर्ण आहे. शत्रूचें आरमार आणि एक चांगलें बंदर, हीं दोनच त्याचीं लक्ष्यें होतीं. ह्यूज मात्र बहुधा सुफ्रेन काय करतो तें पाहून मग आपण काय करावें तें ठरवी. दुसऱ्या प्रश्नांतहि सुफ्रेन फार पुढें. बंदरावांचून सबंध दीड वर्ष आरमार जिवंत ठेवणें हा पराक्रम कोणत्याहि विजयाच्या तोडीचा आहे. तिसऱ्या प्रश्नांत ह्यूज निःसंशय वरचढ. चौथ्या प्रश्नाचें उत्तर विभागून द्यावें लागेल. ह्यूजनें त्रिंकोमाली घालविलें, पण आपलें आरमार मोडूं दिलें नाहीं. आणि तें मोडलें नाहीं म्हणूनच मद्रास वांचलें. बचाव करणारास न हरणें हाच जय असतो. त्याला कमी लेखणारांनीं हें विसरूं नये कीं, सुफ्रेनसारख्या प्रतिपक्ष्यासमोर पांच वेळां उभें राहून एकहि जहाज न गमावणारा दुसरा सरदार दाखविणें कठीण आहे.

म्हणून आम्ही म्हणतों कीं, सुफ्रेन हा थोर सेनापति आणि ह्यूज हा चांगला सेनापति. पहिल्यास इतिहास बदलण्याची शक्ति होती; दुसऱ्यास तो बदलूं न देण्याची. परत जातांना केपच्या बंदरांत ज्यांच्याशीं तो लढला त्याच इंग्रज कप्तानांनीं सुफ्रेनच्या जहाजावर जाऊन त्याला मानाचा मुजरा केला, असें सांगतात. शत्रूच्या मुजऱ्यापेक्षां योग्य प्रशस्तिपत्र कोणतें असणार? फ्रान्समध्यें त्याच्याकरितां व्हाइस-ॲडमिरलची एक नवी जागा निर्माण करण्यांत आली. १७८८ सालीं तो वारला; ह्यूज १७९४ सालीं, विपुल संपत्तींत आणि स्वस्थतेंत वारला.

पण या निकालांत आम्हां हिंदी वाचकांस एक शल्य राहणारच. ज्या समुद्रावर आमच्या प्रांतांचें भाग्य ठरत होतें, त्या समुद्रावर आमचा कोणीहि नव्हता. हैदर किनाऱ्यावर उभा राहून क्षितिजाकडे पाहत होता; नाना पुण्यास बसून बातम्यांची वाट पाहत होता. दोघेहि आपआपल्या परी असामान्य बुद्धीचे पुरुष. परंतु लढाईचा निकाल लावणारें हत्यार दोघांच्याहि हातीं नव्हतें. शिवाजी महाराजांनीं आरमाराची स्थापना करून त्याचें महत्त्व ओळखलें, कान्होजी आंग्र्यानें तें कोंकणकिनाऱ्यावर दरारा बसेल इतकें वाढविलें, आणि १७५६ सालीं विजयदुर्गापाशीं तेंच आंगऱ्यांचें आरमार इंग्रजांच्या साह्यानें पेशव्यांनींच जाळूं दिलें. त्यानंतर केवळ सव्वीस वर्षांनीं सद्रसच्या तोफा वाजल्या. सुफ्रेन श्रेष्ठ कीं ह्यूज श्रेष्ठ, हा न्याय आपण आज स्वस्थपणें करूं शकतों. पण त्या दोघांच्या पंक्तीस आपला तिसरा दर्यासारंग कां नव्हता, या प्रश्नाचें उत्तर फ्रेंच वा इंग्रज कागदांत सांपडणार नाहीं. तें आपल्याच घरच्या कारभारांत शोधावें लागेल.